घड्याळं २९ मार्चला पुढे, थंडी मात्र जागच्या जागी (यूकेकरांसाठी)

मळभ
मार्च सरत आला की इथे तेच प्रश्न पाच वेगवेगळ्या धाग्यांवर विचारले जातात, म्हणून यंदा सगळं एका जागी.

मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री १ वाजता घड्याळ थेट २ वर जातं. यंदा तो रविवार २९ मार्च २०२६. त्या रात्री ०१:०० ते ०१:५९ ही वेळ येतच नाही. भारताशी फरक साडेपाच तासांवरून साडेचारवर येतो. परत मागे २५ ऑक्टोबरला. अमेरिका ८ मार्चलाच पुढे गेली आहे, त्यामुळे सध्या लंडन-न्यूयॉर्क अंतर पाचऐवजी चार तास आहे, ते २९ ला पुन्हा पाच होईल.

लंडनमध्ये २८ तारखेला सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास आणि सूर्यास्त साडेसहाच्या जरा अलीकडे. २९ ला तेच पावणेसात आणि साडेसातच्या अलीकडे. दिवस सध्या रोज जेमतेम चार मिनिटांनी वाढतोय, त्या रात्रीही तेवढाच वाढणार. पण संध्याकाळी सात वाजता लख्ख उजेड दिसला की लोक हीटिंग बंद करतात, टोमॅटोची रोपं अंगणात नेतात आणि मग एप्रिलभर हवामानाच्या नावाने बोटं मोडतात. लंडनचं मार्चअखेरचं सरासरी कमाल तापमान १२-१३ अंश आणि किमान ५ च्या आसपास असतं. उत्तरेकडे त्याहून कमी.

घरातली घड्याळं, ऑफिसच्या मीटिंगा, फ्रॉस्ट (गोठलेलं दंव), बाग, पंचांग: ज्याला जे पक्कं माहीत आहे त्याने ते लिहावं. "काही होत नाही हो" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

फ्यूजवायर
घरातल्या यंत्रांचं मी घेतो. फोन, लॅपटॉप, स्मार्ट थर्मोस्टॅट आपापले बदलतात, त्यांना हात लावू नका. हात लावायच्या गोष्टी या:

१. हीटिंगचा जुना गोल टायमर, ज्यात पिना आत-बाहेर कराव्या लागतात. डायल फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवायची. उलटी फिरवली तर आतला स्विच किंवा दाते तुटतात. आता एक तास पुढे आणि ऑक्टोबरमध्ये २३ तास पुढे. मागे कधीच नाही.

२. डिजिटल प्रोग्रामर. सरकपट्टी "क्लॉक" वर नेऊन वेळ बदलली की ती परत "रन" वर आणायची. ती तिथेच राहिली तर बॉयलर लागत नाही आणि सोमवारी सकाळी इंजिनिअरला फोन जातो. दुसरी भानगड म्हणजे बऱ्याच नव्या प्रोग्रामरमध्ये आपोआप बदलाची सोय चालू असते. तुम्हीही शनिवारी रात्री हाताने पुढे केलंत तर सकाळी घड्याळ दोन तास पुढे. म्हणून रविवारी उठल्यावर आधी बघा, मग बदला.

३. ओव्हन. वीज गेली किंवा घड्याळाशी खेळताना चुकीचं बटण दाबलं गेलं की पडद्यावर "ए" किंवा "ऑटो" लुकलुकतं. मग ओव्हन तापतच नाही, कारण तो ठरलेल्या वेळेची वाट बघत बसतो. हाताचं चित्र असलेलं बटण दाबून मॅन्युअलवर आणा. ते बटण नसेल तर बहुतेक मॉडेलांत मधली दोन बटणं एकदम दाबायची आणि पाच सेकंदांच्या आत अधिक-उणेने वेळ लावायची.

४. रेडिओवर चालणारं भिंतीवरचं घड्याळ. कंब्रियातल्या अँथॉर्नहून येणारा ६० किलोहर्ट्झचा संदेश ते रात्री पकडतं. रविवारी दुपारपर्यंत बदललं नाही तर एक रात्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. टीव्ही, एलईडी दिव्याचा अडॅप्टर आणि लोखंडी कपाट यांच्यापासून दोन मीटर लांब. जर्मनीहून आणलेलं घड्याळ फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनचा ७७.५ चा संदेश ऐकतं. त्याला टाइमझोन उणे १ द्यावा लागतो, नाहीतर ते कायम तासभर पुढेच.

रीडिंगकर
@फ्यूजवायर, आमच्याकडे इकॉनॉमी ७ (रात्रीचे सात तास स्वस्त वीज) आहे. वॉशिंग मशीन आणि गरम पाण्याची टाकी दोन्ही रात्री साडेबाराला लागतात. तेही पुढे करायचं का?

फ्यूजवायर
हो, आणि हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. मीटर वर्षभर जीएमटीवरच (इथल्या हिवाळी वेळेवर) असतो. तुमचे स्वस्त तास हिवाळ्यात ००:३० ते ०७:३० असतील तर २९ पासून घड्याळात ते ०१:३० ते ०८:३० होतात. मशीन साडेबाराला लावलंत तर पहिला तास, म्हणजे नेमका पाणी तापवण्याचा टप्पा, दिवसाच्या महाग दराने जातो. मशीन दीडनंतर लावा. टाकीचा टायमर वेगळा असेल तर आधी तो कोणत्या वेळेवर आहे ते बघा. तो जीएमटीवरच सोडलेला असेल तर हलवायची गरज नाही.

तास प्रदेशानुसार वेगळे असतात, बिलावर किंवा मीटरच्या शेजारच्या चिकटपट्टीवर मिळतील. स्मार्ट मीटरही आतून यूटीसीवर (म्हणजे जीएमटीच धरा) चालतो. इलेक्ट्रिक गाडीसाठीचे रात्रीचे दर मात्र बहुधा घड्याळी वेळेप्रमाणे असतात, त्याचा करार वाचा.

आणि हे घड्याळाचं नाही, पण त्याच आठवड्यात येतं: १ एप्रिलला विजेच्या-गॅसच्या दरांची कमाल मर्यादा बदलते. ३१ मार्चला संध्याकाळी मीटरचा फोटो काढून आकडा कळवा. स्मार्ट मीटर नीट आकडे पाठवत असेल तर नाही कळवला तरी चालेल.

पुणे_लंडन_पुणे
मीटिंगांचं थोडक्यात. मीटिंग ज्याच्या टाइमझोनमध्ये तयार झाली त्याच्याकडे वेळ स्थिर राहते, दुसऱ्याकडे हलते.

पुण्याच्या माणसाने दुपारी २:३० ची लावली असेल तर लंडनला ती ९ ची १० होईल. लंडनच्या माणसाने सकाळी ९ ची लावली असेल तर पुण्यात २:३० ची १:३० होईल, म्हणजे तिकडे जेवणाच्या सुट्टीत. म्हणून २७ मार्चच्या शुक्रवारी पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर उघडून पाहा, त्यात दोन मीटिंगा एकमेकींवर चढलेल्या दिसतीलच.

नेहमीची चूक: विंडोजच्या यादीत +००:०० च्या एकाहून जास्त ओळी आहेत. "डब्लिन, एडिनबरा, लिस्बन, लंडन" ही बरोबर. "मोनरोव्हिया, रेक्याविक" निवडलीत तर उन्हाळाभर एक तासाची चूक, कारण तिथे घड्याळ बदलतच नाही. मेलमध्येही "९ जीएमटी" असं सवयीने लिहू नका, एप्रिलमध्ये त्याचा अर्थ लंडनचे १०. "लंडन वेळ ९, भारतीय वेळ १:३०" असं लिहा.

सर्व्हरवाल्यांसाठी: लंडन वेळेवर चालणारं ०१:३० चं काम २९ ला काही शेड्यूलर गाळतात, काही २ वाजल्यावर लगेच उरकतात. ऑक्टोबरमध्ये तेच काम दोनदा चालू शकतं. बॅकअप एकदा जास्त झाला तर बिघडत नाही, पगाराची फाइल दोनदा गेली तर बिघडतं. अशी कामं यूटीसीवर ठेवा किंवा ३ नंतर ढकला.

शेअर बाजारवाल्यांना: मुंबईचं ९:१५ ते ३:३० हे सत्र २९ नंतर इथल्या ४:४५ ते ११ वर येतं. आयपीएलचा संध्याकाळी साडेसातचा सामना इथे दुपारी २ ऐवजी ३ ला.

शून्य_अंश
आता हवामान. मळभ यांनी सरासरी दिली, पण या दिवसांत सरासरीवर विसंबणं म्हणजे नदीची सरासरी खोली विचारून पाण्यात उतरणं. दोन वर्षं बघा. ३१ मार्च २०१३ ला घड्याळं पुढे गेली, त्याच दिवशी ईस्टर होता आणि स्कॉटलंडमधल्या ब्रेमारला उणे १२.५ नोंदलं गेलं. तो १९६२ नंतरचा सर्वांत थंड मार्च होता. २०२१ मध्ये २८ मार्चला घड्याळं बदलली, दोनच दिवसांनी लंडनच्या क्यू गार्डन्सला २४.५ अंश, लोक बागांमध्ये पहुडलेले. पुढच्या आठवड्यात ईस्टर मंडेला बर्फाच्या सरी आणि त्यानंतर फ्रॉस्टने गाजलेला एप्रिल. गेल्या वर्षीचा २०२५ चा वसंत यूकेच्या नोंदींतला सर्वांत उबदार आणि सर्वांत जास्त सूर्यप्रकाशाचा होता, तो अनुभव डोक्यात ठेवून यंदाचे बेत आखू नयेत.

आता तुमच्या गाडीच्या काचेकडे. अ‍ॅपवर किमान +३ दिसतं आणि सकाळी काच गोठलेली असते. अंदाजातलं तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवरचं, सावलीतल्या पेटीतलं असतं. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर गवत आणि काच थेट आकाशाकडे उष्णता टाकतात आणि हवेपेक्षा तीन-चार अंश जास्त गार होतात. ढग असतील किंवा वारा खेळता असेल तर हा फरक पुसला जातो. म्हणून फक्त आकडा बघू नका. निरभ्र, वारा ताशी पाच मैलांपेक्षा कमी आणि किमान ४ च्या खाली, हे तिन्ही जुळलं की काचेवर आवरण टाकूनच झोपा.

यात घड्याळाचा संबंध येतो तो असा. सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची. २३ मार्चच्या सोमवारी साडेसातला निघालात तर सूर्य उगवून दीड तास झालेला असेल, काचेवरचा बर्फ वितळलेला असेल. ३० च्या सोमवारी साडेसातला निघाल तेव्हा जेमतेम पाऊण तास झालेला असेल. म्हणजे वसंत पुढे सरकला तरी सकाळी काच खरवडायचं काम आठवड्याने परत येतं. शिवाय सूर्य नेमका डोळ्यांच्या पातळीवर. काच आतूनही पुसून घ्या, आतल्या धुरकट थरामुळे उन्हात समोरचं काही दिसत नाही. कढत पाणी काचेवर ओतू नका, तडा जातो.

दुपारचंही गणित सरकतं. लंडनला सूर्य डोक्यावर (म्हणजे आकाशातल्या त्याच्या सर्वांत वरच्या जागी) येतो तो २९ नंतर १ वाजून काही मिनिटांनी. कमाल तापमान ३ ते ४ च्या दरम्यान. कपडे बाहेर वाळत घालायचे तर ११ ते ५ हा वेळ धरा. सहानंतर उजेड असतो, पण हवेतला दमटपणा वाढू लागतो आणि अर्धे वाळलेले कपडे परत ओलसर होतात.

रीडिंगकर
मग एप्रिलमधल्या त्या सरींचं काय? सकाळी कोवळं ऊन, दुपारी गारा, संध्याकाळी परत ऊन. अंदाजात मात्र दिवसभर तेच एक चित्र, ढगातून डोकावणारा सूर्य आणि दोन थेंब.

शून्य_अंश
ते चित्र बरोबरच असतं, पण त्यातून वेळ कळत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं ऊन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याइतकं तीव्र असतं. समुद्र मात्र हिवाळ्याने गारठलेला, आठ-दहा अंशांवर, आणि उत्तर-वायव्येकडून येणारी हवा वरच्या थरात फारच थंड. ऊन जमीन तापवतं, गरम हवा वर उसळते, वर गारठा असल्याने थांबत नाही आणि ढगाचा मनोरा होतो. त्यातूनच गारा, कधी साबुदाण्यासारखे मऊ पांढरे दाणे, कधी एखादा गडगडाट.

सरी साधारण ११ नंतर जमू लागतात, २ ते ६ मध्ये जोर, सूर्य मावळता-मावळता विरतात. मैदानात काही कार्यक्रम ठरवायचा तर सकाळी १० ते १२ चा. एकेक सर दहा-वीस मिनिटांची असते, म्हणून तासाच्या टक्केवारीपेक्षा पावसाचं रडार बघा. ढग कोणत्या दिशेने सरकतायत ते पाच मिनिटांत कळतं.

वारा पूर्वेचा असेल तर हे सगळं गणित बदलतं. मग न्यूकॅसल, हल, अ‍ॅबर्डीनला समुद्रावरचं धुकं आणि ७ अंश, तर ब्रिस्टल-कार्डिफला त्याच दुपारी १५ आणि स्वच्छ ऊन. पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये तापमानाआधी वाऱ्याची दिशा वाचावी.

कुंडीतली_मेथी
बागेचं लिहिते. घड्याळ बदललं म्हणून बाहेर काय पेरता येतं? मेथी आणि कोथिंबीर, तीही दक्षिण इंग्लंडमध्ये एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून. बाकी सगळं घरात.

मेथी: वाणसामानातली चालते. रात्रभर भिजवून अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, दाट पेरायची. चार-पाच आठवड्यांत जुडी. हलक्या फ्रॉस्टला ती दाद देत नाही, गोगलगायींना देते. बिनशंखाच्या गोगलगायी एका रात्रीत कुंडी साफ करतात, कोंब वर येताच संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात.

कोथिंबीर: धणे हलके रगडून दोन फाकी करायच्या, भिजवायच्या, सेंटिमीटरभर खोल पेरायच्या. गार मातीत उगवायला दोन ते तीन आठवडे लागतात, आठव्या दिवशी कुंडी उकरून बघू नका. धणे जुने असतील तर मात्र काही केल्या उगवत नाहीत, नवी पुडी आणा. जून-जुलैत ती लगेच फुलावर जाते, एप्रिलची पेरणीच चांगली येते.

मिरची: अजून पेरली नसेल तर याच आठवड्यात, घरात, २० ते २५ अंशांत. एप्रिलमध्ये पेरलेली मिरची सप्टेंबरला हिरवी लागते आणि लाल व्हायच्या आत थंडी येते.

टोमॅटो: मार्चअखेर खिडकीत. आठवडा-दहा दिवसांत उगवतात. इथे चूक होते ती उबेची. रेडिएटरच्या वरच्या कट्ट्यावर ऊब भरपूर आणि उजेड एका बाजूने, म्हणून रोपं लांबुडकी होऊन माना टाकतात. उगवली की १५-१८ अंशांच्या खोलीत, सर्वांत उजेडाच्या खिडकीत न्या आणि कुंडी रोज अर्धी फिरवा. लांबलेलं रोप मोठ्या कुंडीत बदलताना पहिल्या पानांपर्यंत पुरा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. मिरचीच्या बाबतीत हे करू नका.

बाहेर नेण्याची वेळ: लंडन-केंट मेचा दुसरा पंधरवडा, बर्मिंगहॅम-लीड्स मेअखेर, स्कॉटलंड जून. त्याआधी दहा-चौदा दिवस रोपं कणखर करायची: पहिले तीन दिवस दुपारी दोन तास सावलीत, मग वेळ वाढवत, शेवटचे दोन-तीन दिवस रात्रीही बाहेर. भेंडीला उघड्यावर इथे भवितव्य नाही, काचघर असेल तरच.

टायनकाठ
न्यूकॅसलला आहे. फ्लीस (रोपांवर टाकायचं पातळ कापड) टाकून टोमॅटो एप्रिलअखेर बाहेर ठेवता येतील ना? दुकानात "फ्रॉस्टपासून संरक्षण" असं लिहिलेलं असतं.

कुंडीतली_मेथी
नाही चालणार. चौरस मीटरला १७ ग्रॅमचं पातळ फ्लीस साधारण दोन अंशांचं संरक्षण देतं, ३० ग्रॅमचं त्याहून जास्त. पण टोमॅटोची अडचण शून्यावर सुरू होत नाही. रात्री १० च्या खाली राहिलं की वाढ थांबते, पानं जांभळट होतात आणि महिन्याने पेरलेलं घरातलं रोप त्याच्या पुढे जातं. फ्लीस बटाटा, मटार, कोवळी मेथी यांच्यासाठी. काठ्या रोवून वर ताणा, पानांना टेकलं तर टेकल्या जागी पान जळतं. संध्याकाळी ऊन असतानाच झाका, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते.

घटिका_पळे
पंचांगाबद्दल कोणीच लिहिलं नाही. भारतातल्या पंचांगात दिलेली तिथी संपण्याची वेळ भारतीय प्रमाणवेळेची असते. २९ च्या पहाटेपर्यंत साडेपाच तास वजा, त्यानंतर साडेचार. एवढं केलं की झालं असं पुष्कळ जण समजतात, पण तिथे अर्धंच काम होतं.

उदाहरण यंदाच्याच हनुमान जयंतीचं. चैत्र पौर्णिमा भारतात १ एप्रिलला सकाळी सातच्या सुमारास लागते आणि २ एप्रिलला सकाळी ७:४२ च्या सुमारास संपते. २ तारखेच्या सूर्योदयाला मुंबईत पौर्णिमा आहे, म्हणून तिकडे जयंती २ ला. आता लंडन. ७:४२ मधून साडेचार वजा केले की २ एप्रिलची पहाटे ३:१२. सूर्योदय साडेसहानंतर, तोवर प्रतिपदा लागलेली. पौर्णिमेचा सूर्योदय लंडनला १ एप्रिलचा. म्हणून इथे जन्माची पूजा बुधवारी १ तारखेला पहाटे. न्यूयॉर्कला तर पौर्णिमा १ तारखेच्या रात्री १०:१२ लाच संपते. तिथी संपण्याचा क्षण जगभर एकच, सूर्योदय मात्र ज्याच्या त्याच्या गावचा.

परवाच्या पाडव्याला उलटी गंमत झाली. १९ मार्चला मुंबईत सूर्योदयाला अमावास्येची शेवटची मिनिटं उरली होती, लंडनच्या सूर्योदयाला मात्र प्रतिपदा स्वच्छ होती. दिवस दोन्हीकडे १९ च आला, पण कारणं वेगळी.

रीडिंगकर
आणि राहुकाळ? रविवारी ४:३० ते ६ असं पाठ आहे. त्यात तास मिळवायचा का?

घटिका_पळे
मिळवायचा नाही, नव्याने काढायचा. ४:३० ते ६ हे सूर्य सहाला उगवून सहाला मावळतो असं धरून केलेलं कोष्टक आहे. तुमच्या गावचा दिवस घ्या, आठ भाग करा, रविवारचा शेवटचा भाग. २९ मार्चला लंडनचा दिवस साधारण ६:४४ ते ७:२६, म्हणजे १२ तास ४२ मिनिटं. आठवा भाग सुमारे ९५ मिनिटांचा. राहुकाळ ५:५१ ते ७:२६. जूनमध्ये हाच भाग दोन तासांच्या वर जातो.

संकष्टीच्या चंद्रोदयाचंही तसंच, भारताच्या वेळेवरून काढता येत नाही. या अक्षांशावर वसंतात पौर्णिमेनंतर चंद्र रोज तासाहून जास्त उशिरा उगवतो, त्यामुळे चैत्रातली संकष्टी मध्यरात्रीच्या आसपास सुटते. उपास करणाऱ्यांनी गावाचं नाव टाकून चंद्रोदय बघावा आणि जेवणाची तयारी त्या हिशेबाने.

मळभ
हे उत्तम झालं. अवांतर: घड्याळांचा हा खेळ आपल्याला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ भारतातली घड्याळंही तासभर पुढे होती. आणि मुंबईने आपली वेगळी वेळ, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, १९५५ पर्यंत चालवली होती. ब्रिटनमध्ये सुरुवात २१ मे १९१६ ला, युद्धातला कोळसा वाचवायला. १९६८ ते १९७१ इथे हिवाळ्यातही घड्याळ पुढेच ठेवून पाहिलं होतं. स्कॉटलंडच्या काळोख्या सकाळी कोणालाच आवडल्या नाहीत.

सुंठसाखर
तब्येतीचं चार ओळींत. लहान मुलांची झोप गुरुवारपासून रोज १५ मिनिटांनी अलीकडे आणा, रविवारी तास भरून निघतो. खिडकीला जाड पडदा लावा, सातला उजेड असताना मूल झोपत नाही. दिवसातून एकदाच्या गोळ्या नव्या घड्याळाने घेतल्या तरी बहुतेकांना चालतं, पण पार्किन्सन्स, फिट्स आणि इन्सुलिन यांचं फार्मासिस्टला विचारून ठरवा. इन्सुलिन पंपाचं घड्याळ बऱ्याच मॉडेलांत हाताने बदलावं लागतं, आणि ते चुकलं तर रात्रीचा डोस चुकीच्या तासाला जातो.

बर्च झाडांचे परागकण मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे परिणाम दाखवायला आठवडा-दोन घेतो, म्हणून त्रास व्हायच्या आधी सुरू करायचा, शिंका सुरू झाल्यावर नव्हे. ज्या दिवशी परागकण जास्त असतील त्या दिवशी कपडे बाहेर वाळत घालू नका, उशीचे अभ्रे तर नाहीच.

ऊन आलं म्हणून ड जीवनसत्त्व बंद करू नका. गोऱ्या कातडीसाठी ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा सल्ला असतो, आपल्यासारख्या सावळ्या लोकांना १० मायक्रोग्रॅम वर्षभर घ्यायला सांगतात.

टायनकाठ
@फ्यूजवायर, गोल टायमर एक तास पुढे नेला तर रोज सकाळी हीटिंग नव्या सहाला लागेल, म्हणजे खऱ्या थंडीच्या हिशेबाने तासभर आधी. पिना बदलू का?

फ्यूजवायर
फक्त संध्याकाळची. पहिले दोन-तीन आठवडे सकाळची पिन आहे तशी ठेवा, कारण नवे सहा म्हणजे जुने पाच, घर जास्त गार असतं. संध्याकाळची पिन तासभर उशिरा करा, पश्चिमेच्या खिडक्यांतून सातपर्यंत ऊन येतं. हीटिंग पूर्ण बंद मात्र न्यूकॅसलला मेआधी नको. टायमर राहू द्या आणि थर्मोस्टॅट १६ वर आणा, ज्या दिवशी गरज नसेल त्या दिवशी बॉयलर आपला आपणच गप्प बसेल.